सेंटर कॉलेजच्या विजयाला चमत्कार म्हणू नका

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या जुन्या गोष्टी सांगणारे सेंटर कॉलेजचं नाव घेतात ते फक्त एका दुपारसाठी. २९ ऑक्टोबर १९२१, हार्वर्डचं मैदान. सेंटर ६, हार्वर्ड ०. (हा आपला फुटबॉल नव्हे, अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावायचा तो.) पुढचा शब्दही ठरलेला असतो: चमत्कार. मला त्या शब्दाचा मनापासून राग येतो.

जोडी विजोड होती, हे मान्य. सेंटर केंटकी राज्यातल्या डॅनव्हिल या लहानशा गावातलं. कॉलेजात पोरं तीनशेच्या आसपास. हार्वर्ड १९१९ आणि १९२० या दोन्ही हंगामांत एकही सामना हरलं नव्हतं. पण सेंटरचा संघ काही आभाळातून पडला नव्हता. संघाचे प्रशिक्षक झालेले चीफ मायर्स हे सेंटरचेच माजी विद्यार्थी. त्याआधी टेक्सासमध्ये फोर्ट वर्थच्या शाळेत ते पोरांना फुटबॉल शिकवायचे. तिथे तयार झालेली पोरं त्यांनी आपल्या जुन्या कॉलेजात आणली. हार्वर्डविरुद्धच्या विजयाचा नायक बो मॅकमिलिन त्यांतलाच. पुढे मायर्सनी जे केलं ते मला हार्वर्डवरच्या विजयापेक्षाही मोठं वाटतं. बेसबॉलचे पंच असलेले चार्ली मोरान आपल्यापेक्षा सरस प्रशिक्षक आहेत हे ओळखून त्यांनी संघ त्यांच्या हाती सोपवला. आपण घडवलेला संघ असा दुसऱ्याला देऊन टाकायला किती मोठं मन लागत असेल!

१९१९ साली सेंटरने सगळे सामने जिंकले. १९२० मध्ये ते पहिल्यांदा हार्वर्डला गेले. मध्यंतराला १४-१४ अशी बरोबरी होती, नंतर दमछाक झाली आणि ३१-१४ असे हरले. वर्षभराने तेच मैदान, समोर पुन्हा हार्वर्ड. पूर्वार्ध कोरा गेला. उत्तरार्धात मॅकमिलिन बत्तीस यार्ड धावत सुटला आणि थेट हार्वर्डच्या गोलरेषेपार गेला. त्याचे सहा गुण. सामन्यातले गुण तेवढेच. बाकी सगळा वेळ बचाव, आणि हार्वर्डसारख्या संघाला शून्यावर रोखणं एका धावेने होत नसतं.

आता त्या हंगामाचे आकडे बघा. नेहमीच्या नऊ सामन्यांत सेंटरचे गुण २८२, विरुद्ध बाजूचे सगळे मिळून ६. केंटकी विद्यापीठाला ५५-०. पुढे नाताळात सॅन डिएगोला अ‍ॅरिझोनावर ३८-०. असा संघ जिंकला तर नवल कसलं? १९५० मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने हार्वर्डच्या पराभवाला अर्ध्या शतकातला सर्वांत अनपेक्षित निकाल ठरवलं. हार्वर्डच्या बॉस्टनमधून पाहणाऱ्यांना तो तसा वाटणारच!

हंगामाचा शेवट मात्र पराभवाने झाला. २ जानेवारी १९२२, डॅलस, टेक्सास ए अँड एमविरुद्ध १४-२२. मोरान पूर्वी त्याच कॉलेजचे प्रशिक्षक होते, आणि मॅकमिलिनचं लग्नही त्याच दिवशी झालं! ए अँड एमचे खेळाडू जायबंदी होत गेले, तेव्हा त्यांचाच किंग गिल नावाचा विद्यार्थी जखमी खेळाडूचा पोशाख चढवून मैदानाकडेला सज्ज उभा राहिला. त्याला खेळावं लागलं नाही, पण त्याच्या आठवणीत ए अँड एमचे विद्यार्थी आजही सामनाभर उभे असतात.

लहानांनी मोठ्यांना हरवल्याची ही गोष्ट मला प्रिय आहे, म्हणूनच तिची दुसरी बाजू झाकून ठेवायची नाही. १९०४ च्या कायद्याने केंटकीत गोऱ्या आणि काळ्या मुलांनी एकत्र शिकायला बंदी होती, खासगी कॉलेजांतसुद्धा. त्यामुळे डॅनव्हिलच्या काळ्या घरातला मुलगा कितीही वेगाने धावला असता तरी या संघात त्याला जागा नव्हती. हार्वर्डहून कितीतरी मोठी ही भिंत त्या हंगामात कोणी पाडली नाही.

मॅकमिलिन पुढे प्रशिक्षक झाले. १९४५ मध्ये इंडियाना विद्यापीठाचा त्यांचा संघ अपराजित राहून बिग टेन या विद्यापीठांच्या साखळीचा विजेता ठरला. त्या संघात जॉर्ज टालिआफेरो हा काळा खेळाडू चमकला. हाच टालिआफेरो १९४९ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, निवडला गेलेला पहिला काळा खेळाडू ठरला.