गाडी आचके खाते? तो मेसेज पाळण्याआधी हे वाचा

पेट्रोल गाडी मधूनच आचके खात असेल, रेस दिली तरी क्षणभर उचलत नसेल, तर घरच्या घरी दुरुस्त करा, असं सांगणारा एक मेसेज जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दोष इथेनॉलचा आहे, बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा, थ्रॉटलमध्ये (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर धुण्याचा स्प्रे) मारा, प्लग बदला, स्कॅनरला (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष वाचणारं यंत्र) दोषाचा कोड नसेल तर सेन्सर चांगले आहेत, आणि एअर फिल्टर साफ करा. सुरत-नागपूर हायवेवर ट्रकला ओव्हरटेक करताना दोन सेकंद पिकअप गेला तर काय होऊ शकतं, हे इथल्या प्रत्येक ड्रायव्हरला कळतं. म्हणून यातला एकेक मुद्दा नीट तपासायला हवा.

‘दोष इथेनॉलचा आहे’

टाकीतलं पेट्रोल सकाळी एक आणि दुपारी दुसरं नसतं. आज आचके, उद्या काही नाही, परवा पुन्हा आचके, असा दोष नुसत्या मिश्रणाने येत नाही. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे २० टक्के मिश्रणावर इंजिनचा कॉम्प्युटर इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. मायलेज थोडं घटतं, पण ते रोज सारखंच घटतं. इथेनॉल खरंच नडतं ते टाकीत पाणी गेल्यावर. पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात आणि पंप तळातूनच ओढतो. शंका असेल तर टाकीच्या तळातून काढलेलं थोडं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत तासभर स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून धुवावी लागेल. हे काम उघड्यावर आणि आगीपासून दूर करा.

खानदेशात मे महिन्यात संशय आधी टाकीतल्या पंपावर घ्यायला हवा. हा पंप पेट्रोलमध्ये बुडलेला असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांच्या आसपासच्या उन्हात टाकी कायम रिझर्व्हवर ठेवून फिरलात, तर थकलेला पंप तापून दाब सोडतो. सावलीत तासभर उभी केली की गाडी पुन्हा सुरळीत चालते, म्हणून संशय भलतीकडेच जातो. यावर खात्रीची तपासणी एकच: प्रेशर गेज लावून, गेज काचेवर दिसेल असा बांधून, गाडी लोडवर चालवायची. लळिंगचा चढ किंवा चाळीसगावच्या पुढचा कन्नड घाट त्यासाठी उत्तम. चालवणारा एक, गेज पाहणारा दुसरा. साध्या मल्टिपॉइंट इंजेक्शनला (पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर फवारणारी पद्धत) साधारण ३ ते ४ बार दाब असतो, नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. आचक्याच्या क्षणी काटा खाली आला तर पंप, त्याचा फिल्टर, रिले (पंपाला वीज देणारा स्विच) किंवा पंपापर्यंत पोहोचणारे व्होल्ट यांपैकी काहीतरी आहे. नवा पंप घेण्याआधी पंपाच्या कपलरवर (वायर जोडणीवर) व्होल्ट मोजा. जळका रिले किंवा सैल पिन असेल तर नवा पंपही तसाच वागेल. डायरेक्ट इंजेक्शनच्या आणि डिझेलच्या हाय-प्रेशर लाइनला मात्र घरी हात लावू नका, त्या दाबाचं इंधन कातडी फाडून आत जातं.

सीएनजीची गाडी असेल तर दोष शोधण्याचं काम अर्ध्यावर येतं. सीएनजीवर ठीक आणि पेट्रोलवर आचके: पंप, इंजेक्टर, पेट्रोलची बाजू. दोन्हीवर आचके: कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी), प्लग, थ्रॉटल किंवा पेडल.

‘बॅटरीची वायर काढून ठेवा’

या मेसेजमधला सर्वात नुकसान करणारा सल्ला हाच. कोड पडतो तेव्हा कॉम्प्युटर त्या क्षणाचे आरपीएम, लोड, तापमान, वेग साठवून ठेवतो. वायर काढली की बऱ्याच गाड्यांत ते पुसलं जातं. पेट्रोल किती कमी-जास्त द्यायचं हे कॉम्प्युटरने शिकून ठेवलेलं असतं, तेही शून्यावर येऊ शकतं, म्हणून दोन दिवस गाडी बरी वाटू शकते आणि मेसेज आणखी दहा जणांना जातो. आधी स्कॅनर लावा, कोड आणि साठवलेली माहिती फोटो काढून ठेवा.

‘थ्रॉटलमध्ये कार्ब क्लीनर मारा’

थ्रॉटलवर काजळी बसली असेल तर स्लोला (पेडलवर पाय नसताना) इंजिन डगमगतं, किंवा पेडलला पाय लावताच पहिला झटका येतो. ८० च्या वेगात येणारा आचका काजळीचा नसतो. आणि साफ करायचंच तर इग्निशन बंद, कपलर काढलेला, फडक्यावर थ्रॉटल बॉडी क्लीनर घेऊन फ्लॅपची कड पुसायची. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचा फ्लॅप बोटाने ढकलू नका. आतले गिअर प्लॅस्टिकचे असू शकतात, आणि इग्निशन चालू असेल तर फ्लॅप बोट चिमटतो. कार्ब क्लीनर एअर फ्लो सेन्सरवर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) उडाला तर तो सेन्सर खराब होऊ शकतो. साफसफाईनंतर कित्येक गाड्यांना स्लोची रीलर्निंग करावी लागते, म्हणजे कॉम्प्युटरला स्लो पुन्हा शिकवावा लागतो.

‘प्लग बदला’

जुने असतील तर बदला. पण लोडवर मिसिंग होत असेल (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसेल) तर कॉइल अदलाबदल करून पाहा, खर्च शून्य. पी ०३०२ कोड (दोन नंबर सिलिंडरचं मिसिंग) असेल तर दोन नंबरची कॉइल तीनवर लावा. कोड पी ०३०३ झाला तर कॉइल सापडली.

‘कोड नाही म्हणजे सेन्सर चांगले’

इथेच बहुतेक जण फसतात. हल्लीच्या गाडीत पेडलपासून थ्रॉटलपर्यंत केबल नसते. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात आणि बऱ्याच गाड्यांत एकाचे व्होल्ट दुसऱ्याच्या दुप्पट असतात: ०.८ ला ०.४, १.६ ला ०.८. हे प्रमाण पुरेसा वेळ बिघडलं तरच पी २१३८ हा कोड पडतो. सिग्नल निमिषभर तुटला तर गाडी गचका देते आणि कोड पडतच नाही. घासणाऱ्या ट्रॅकचा सेन्सर तर नेमका तिथेच झिजतो जिथे पाय रोज स्थिर असतो, म्हणजे ६०-८० च्या वेगाला.

तपासणी अशी. गाडी उभी, इंजिन बंद, इग्निशन चालू. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात फक्त पेडलची दोन आणि थ्रॉटलची दोन रीडिंग निवडा. स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरला दहा रीडिंग एकदम मागितली तर प्रत्येक रीडिंग इतक्या उशिरा येतं की तुटलेला क्षण निसटतो. आता पेडल दहा सेकंदांत सावकाश खाली न्या, तसंच वर आणा, आलेख गुळगुळीत हवा. मग पाय अर्ध्यावर स्थिर ठेवा आणि दुसऱ्याला पेडलचा कपलर व वायरिंग हलवायला सांगा. आलेख उडाला तर सेन्सरपेक्षा पिन किंवा वायर संशयित. शेतातल्या शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली वायर हाताने चाचपडूनच सापडते. स्कॅनरला काहीच दिसलं नाही तर मिनिमम-मॅक्सिमम पकडणारा मल्टिमीटर किंवा ऑसिलोस्कोप (व्होल्टचा आलेख दाखवणारं यंत्र) लागेल.

अर्थिंगही मोजा. इंजिन चालू, लाइट, ब्लोअर, एसी चालू ठेवून बॅटरीची निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांमध्ये ०.१ व्होल्टपेक्षा कमी यायला हवं. जास्त असेल तर अर्थ पट्टा काढून दोन्ही टोकं घासून बसवा.

स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो ते पाहायला विसरू नका. स्लोला अधिक १८ आणि २५०० आरपीएमला अधिक ४ असेल तर कुठेतरी होज तडकून हवा ओढते आहे. उलट स्लोला ठीक पण चढावर अधिक २० असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा एअर फ्लो सेन्सर हवा कमी मोजतोय. दोघांतला फरक वर सांगितलेलं प्रेशर गेज सांगेल.

‘एअर फिल्टर साफ करा’

फिल्टरकडे पाहण्याचा मुद्दा बरोबर आहे, पण कारण मेसेजमध्ये दिलेलं नाही. तुंबलेला फिल्टर वरच्या आरपीएमला ताकद सतत कमी करतो, अधूनमधून नव्हे. आचके येतात ते फाटलेल्या किंवा नीट न बसलेल्या फिल्टरमधून काळ्या मातीची धूळ आणि जिनिंगकडचा कापसाचा तंतू एअर फ्लो सेन्सरच्या तारेवर बसल्यावर. कंप्रेसरच्या जोरदार हवेने कागदी फिल्टर झोडपला की त्याला बारीक भोकं पडतात, त्यामुळे तो बदलणंच चांगलं. तार फक्त एअर फ्लो सेन्सरच्याच क्लीनरने धुवा, हात किंवा ब्रश लावू नका, आणि पूर्ण वाळल्यावरच कपलर जोडा. डब्याच्या सगळ्या क्लिपा लागल्या आहेत ना, हे झाकण हलवून पाहा.