नकलेमुळे मूळ चित्राचे मोल संपते का?

खानदेशातल्या कलाप्रेमींमध्ये सध्या एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : कलाकृती एकमेव असते म्हणूनच तिला मोल असते, आणि छपाई, कॅमेरा व मोबाइल यांनी लाखो नकला काढून ते मोल संपवले, नकलेतून सगळे घरबसल्या कळत असल्याने मुळापाशी जाण्याचे कारण उरलेले नाही, यंत्रातून निघालेल्या चित्रात हाताचे कसब नसते, आणि या यंत्रांनीच चित्रकाराच्या पोटावर पाय दिला.

पहिला मुद्दा एकमेवपणाचा. सप्तशृंगीची छापील तसबीर आपल्याकडे असंख्य देवघरांत असते, तरीही दर चैत्रात धुळे-जळगावकडचे भाविक भर उन्हात पायी गडावर जातात. हा भक्तीचा विषय झाला, असे कोणी म्हणेल, म्हणून शेजारच्या अजिंठ्याकडे पाहू. १८१९ मध्ये इंग्रज शिकाऱ्यांच्या दृष्टीस ही लेणी पडली, आणि १८४० च्या दशकापासून मेजर रॉबर्ट गिल यांनी जवळजवळ वीस वर्षे तेथील चित्रांच्या नकला केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. गिल पुढे इथेच राहिले आणि त्यांची कबर भुसावळात आहे. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून तेच काम पुन्हा केले, आणि त्यांच्याही बऱ्याच नकला १८८५ मध्ये लंडनलाच आगीत गेल्या. नकलेने मूळ मरत असते, तर अजिंठा एकोणिसाव्या शतकातच मरायला हवा होता. घडले ते उलट : या नकला आणि त्यांवरून निघालेली पुस्तके यांमुळेच घाटातल्या त्या भिंतींकडे जगाचे लक्ष गेले, आणि पुढे भिंतीवरून गळून पडलेल्या काही भागांची कल्पना आज केवळ नकलांवरूनच करता येते.

दुसरा मुद्दा अधिक विचार करण्याजोगा आहे, कारण नकलेने अर्थ बदलतो हे खरेच आहे. सगळा अर्थ नकलेत येतो, हे मात्र खरे नाही. कॅलेंडरावर छापलेला अजिंठ्याचा पद्मपाणी, म्हणजे बुद्धत्वाच्या वाटेवरचा एक बोधिसत्त्व, एक देखणा, खिन्न तरुण दिसतो. पहिल्या लेण्यात तो गर्भगृहाकडे जाणाऱ्या वाटेच्या डाव्या अंगाला आहे, उजवीकडे त्याच्या जोडीचा दुसरा बोधिसत्त्व आहे आणि दोघांच्या मधून आत बसलेली बुद्धमूर्ती दिसते. म्हणजे तो तेथे एकटा नाही, द्वाराशी उभा आहे. छायाचित्राची चौकट हा संबंध कापून टाकते. मोबाइलवर तर भिंतीची उंची, अंधार आणि मान वर करून पाहणेही जाते. फर्दापूरजवळच्या अभ्यागत केंद्रात १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती उभारल्या गेल्या, त्यामागे हीच जाण असावी, की चित्राची नक्कल करायची तर जागेचीही करावी लागते.

कसबाच्या मुद्द्यासाठी चाळीसगावपलीकडे जायला नको. तिथले छायाचित्रकार केकी मूस यांनी रेल्वे स्थानकालगतच्या आपल्या घरात टेबलावर लहानसहान वस्तू मांडून अवघी दृश्ये रचली आणि मग त्यांची छायाचित्रे घेतली. यात यंत्राने नक्कल कशाची केली? ते दृश्य जगात कुठेच नव्हते. छायाचित्र हेच तेथे मूळ आहे. रंगीत शिळाछापाचेही, म्हणजे दगडावरून होणाऱ्या छपाईचेही, तसेच : प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड कारागिराच्या हाताने तयार होई, आणि एका दगडावरचा रंग किंचित सरकला तरी देवीचा चेहरा बिघडे.

राहिला पोटाचा प्रश्न. तक्रार रास्त आहे, पण आरोपी चुकीचा धरला आहे. १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यानुसार चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे नकलेचा हक्क त्याच्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे राहतो, त्याने तो लिहून दिला नसेल तर. परवानगी न घेता चित्र बॅनरवर छापणारा माणूस असतो, यंत्र नव्हे, आणि मोबदलाही त्याच्याकडेच मागावा लागेल.