साप बघायचा की धरायचा?

मंद्या दर डिसेंबरला ब्रिस्बेनहून साताऱ्याला येतो आणि पहिल्याच संध्याकाळी पोवई नाक्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर काहीतरी पेटवून देतो. गेल्या खेपेला छतावरचं सोलर होतं, यंदा साप.

"पाळायचाय. झाडावरचा. ग्रीन पायथन." त्यानं मोबाइल फिरवला. आडव्या फांदीवर दोन्ही बाजूंनी घड्या टाकून ठेवलेलं हिरवंगार पागोटं आणि त्याच्या बरोब्बर मध्ये टेकवलेलं डोकं. दिसायला देखणाच, त्यात वाद नाही.

"काकूंना सांगितलंस?" मी विचारलं.

"आई तिकडं आल्यावर फ्रीजर उघडेल तेव्हा कळेलच." तिकडं गोठवलेले उंदीर पाकिटात मिळतात. ते वितळवून, कोमट करून चिमट्यानं सापापुढं धरायचे. सोलून ठेवलेल्या मटारशेजारी ते पाकीट बघून काकू काय म्हणतील, यावर पाच मिनिटं गेली. ते इथं लिहीत नाही.

बापू तोवर गप्प होता. वीस वर्षं सर्पमित्र म्हणून फिरतोय, त्यामुळं सापाच्या विषयात तो शेवटी बोलतो आणि मग थांबत नाही. "मंद्या, एकच सांग. साप बघायचाय का धरायचाय?"

"म्हणजे?"

"पोरीच्या खांद्यावर टाकून फोटो काढायचा असंल तर हे जनावर नको. फांदी म्हणजे त्याचं घर. तू उचलाय जाणार, ते शेपटीची गाठ सोडणार न्हाय. तू वढणार, ते आवळणार. लहान पिल्लू असलं तर मणक्याची वाट."

मंद्या तयारी करून आला होता. दांडी काढता येईल अशीच बसवायची, म्हणे, आणि पेटी साफ करताना सापासकट अलगद बाहेर घ्यायची. दांडी साधारण सापाच्या अंगाइतकी जाड हवी. एका टोकाला तिशीच्या आसपास ऊब, दुसरं टोक थोडं गार. रोज फवारा, पण मधल्या वेळात पेटी सुकली पाहिजे. पाणी भांड्यातून पिईलच असं नाही, वेटोळ्यांवर साचलेले थेंब चाटून घेतो. हवा कोरडी राहिली तर कात तुकड्यातुकड्यानं निघते आणि डोळ्यावरची तशीच राहते.

"मग हा शोकेसमधला गणपतीच की," पक्या म्हणाला.

"तसंच," बापू म्हणाला. "नैवेद्य तेवढा पंधरा दिवसांनी."

वैशाली कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिनं हिशेब घातला. "नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. पोरगी आत्ता सहा वर्षांची. ती शिकायला बाहेर जाईल तेव्हाही तुझ्या हॉलमध्ये हा असेल."

पक्याला हे सगळं लांबण वाटत होतं. अमेरिकेत नवशिक्यांना कॉर्न स्नेक देतात, गरीब असतो, तो घे आणि मोकळा हो. मंद्या हसला. ऑस्ट्रेलियात परदेशी साप घरी ठेवायला बंदी आहे, कॉर्न स्नेकसुद्धा बेकायदा. पाळायचा तर तिथलाच, तोही लायसन्स काढून आणि लायसन्सवाल्याकडूनच. जंगलातून उचलून आणायचा नाही. ग्रीन पायथन चालतो, कारण न्यू गिनीसारखाच तो क्वीन्सलँडच्या उत्तर टोकाला, केप यॉर्कच्या जंगलातही आहे.

"आणि तिथं ट्री स्नेक म्हणतात तो?" वैशालीनं विचारलं. "आपल्या रुखईच्याच गणातला आहे."

बापूनं हात जोडले. "रुखई पेटीत? डोळं मिटून उघडस्तोवर पडद्यावर. त्यात त्याला बेडूक नायतर पाल पायजे. रोज कुठनं आणणार?"

मग वैशालीनं आपल्या मांजऱ्या सापाचा तिकडचा भाऊबंद काढला, ब्राउन ट्री स्नेक. दुसऱ्या महायुद्धानंतर तो लष्करी सामानातून अमेरिकेच्या ताब्यातल्या ग्वाम बेटावर पोचला आणि तिथल्या १२ रानपाखरांपैकी १० जाती त्यानं संपवल्या. विजेच्या तारांवर चढून बेटाची वीजही घालवायचा. शेवटी अमेरिकी सरकारनं २०१३ मध्ये मेलेल्या उंदरांत पॅरासिटामॉल भरून ते हेलिकॉप्टरमधून जंगलावर टाकले. पक्याला वाटलं वैशाली फेकतेय. त्यानं मोबाइलवर शोधलं, मग गप बसला.

फार वेळ नाही. "आपल्याकडं काय कमी आहे? हरणटोळ पाळायचा. नायतर मुंबईत ओळख असली की बाहेरचं पण मिळतंय."

हरणटोळ झाडावरून थेट टाळूवर डसतो, असं आमच्या आजीपासून सगळे सांगत आले. बापूच्या मते तो डोळे आडव्या फटीसारखे करून बघत बसतो, त्यालाच माणसं घाबरतात. पण कोंडला तर खात नाही, झुरतो. आणि मुळात आपल्याकडचा साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. सर्पमित्रालासुद्धा धरलेला साप सोडायचाच असतो.

मुंबईच्या ओळखीवर वैशाली तापली. जून २०२५ मध्ये थायलंडहून आलेल्या एकाच प्रवाशाच्या सामानात मुंबई विमानतळावर ४४ इंडोनेशियन पिट व्हायपर सापडले होते. झाडावरचेच, आणि विषारी. "बिनविषारी आणला तरी तेच. इंडोनेशियात पैदास केलेले म्हणून जे ग्रीन पायथन परदेशी जात होते ना, त्यातले ८० टक्के जंगलातून उचललेले निघाले. २०११ चा अभ्यास आहे. कागदावर फार्म, पोत्यात जंगल."

यावर पक्यानं चहा सांगितला. त्याची हार मानायची तीच पद्धत.

माझं मत कुणी विचारलं नव्हतं, तरी दिलं. कार्पेट पायथन घे. तोही झाडावर चढतो, जमिनीवरही रमतो, सवय झाली की हातात येतो. मंद्या म्हणाला, तो काय पाळायचा, ब्रिस्बेनमध्ये लोकांच्या छतात आपणहून येऊन राहतो. मग त्यानं चिल्ड्रन्स पायथनचं नाव काढलं. पक्या लगेच, "पोरांसाठी हाय तर तोच घे की!" चिल्ड्रन हे एका इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाचं आडनाव आहे, हे कळल्यावर त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. शिवाय तो जमिनीवरचा. मंद्याला हवा होता फांदीवरचाच.

"पण पोरीला धरता येणार नाही," मी म्हणालो.

"बघेल," मंद्या म्हणाला. "पिल्लू पिवळंधमक असतं. वर्षभरानं हिरवं व्हायला लागतं. ते बघेल."

बापूनं चहाचा ग्लास खाली ठेवला. मघापासून नको नको म्हणणारा माणूस. "पिवळं असतं?"

मंद्यानं दुसरा फोटो काढून दिला. बापूनं मोबाइल जवळ घेतला, बोटांनी मोठा केला, परत लहान केला.

"घेणारच असलास तर असं पिल्लूच घे," तो म्हणाला. "आन रंग बदलाय लागला की मला फोटो टाकत जा. रोजच्या रोज. एकच टाकला तरी चालंल."