डिपस्टिक अजून लागतेच

"गाडीच आता सर्व्हिसिंगची वेळ सांगते, मालकाने काही बघायला नको" हे इंटरनेटला जोडलेल्या गाड्यांवरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. गाडीच्या पडद्यावर दिसणारा इंजिन ऑइलच्या आयुष्याचा टक्का हा बहुतेक गाड्यांत नुसता हिशेब असतो. इंजिनाचे फेरे, तापमान, थंड इंजिनावर मारलेल्या छोट्या चकरा यांवरून कॉम्प्युटर अंदाज बांधतो. म्हणून तर ऑइल न बदलता फक्त रीसेट केलं तरी आकडा पुन्हा १०० वर जातो! माझ्या गाडीत पडद्यावर ४० टक्के दिसत होते. सहज बॉनेट उघडलं, डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, फडक्याने पुसून पुन्हा घातली, तर ऑइल खालच्या खुणेलाही टेकत नव्हतं. तो टक्का ऑइल किती जुनं झालं ते सांगतो, किती उरलंय ते नाही.

गाडीत इंटरनेटसाठी बसवलेल्या सिमवरून किलोमीटर आणि फॉल्ट कोड (बिघाडाचे सांकेतिक क्रमांक) कंपनीला जातात ते ठीक आहे, बिघाड लवकर कळतो. पण त्याच वाटेने तुमचं लोकेशन आणि ब्रेक किती जोरात दाबलात तेही जाऊ शकतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित जपणारी सरकारी संस्था) जानेवारी २०२५ मध्ये जनरल मोटर्स या कार कंपनीवर हाच ठपका ठेवला: नीट संमती न घेता असा डेटा विकला, आणि तो विम्याचे हप्ते ठरवताना वापरला गेला. लेखात यावर एक ओळ तरी हवी होती.

आणि सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनो, जुन्या मालकाचं गाडीला जोडलेलं अकाउंट पहिल्याच दिवशी काढून टाका. नाहीतर गाडी कुठे उभी आहे हे त्याला ॲपवर दिसत राहू शकतं.