जनाबाईच्या डोक्यावरचा पदर

आषाढी जवळ आली की जनाबाईचं तेच चित्र फिरायला लागतं. जातं, जनाबाई आणि समोर दळू लागणारा विठोबा. कल्पना गोडच आहे. पण नीट बघा, बहुतेक चित्रांत जोर देवाच्या दंडात असतो आणि बाईचा हात खुंट्याला नुसता टेकलेला. ही मांडी घालून, मान वर करून बसलेली. अहो, मांडी घातली की गुडघे जात्याला अडतात! दळणारी बाई एक पाय लांब करून बसते, कमरेतून पुढेमागे हलते, मधूनच जात्याच्या तोंडात मूठभर दाणे टाकते. कष्ट काढून टाकले की उरते ती फक्त देवाची कृपा.

आणि तो पदर. 'डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी' असं जिनं म्हटलं, तिच्या चित्रात पदर कपाळापर्यंत ओढलेला. त्याच अभंगात ती हाती टाळ आणि खांद्यावर वीणा घेते, 'आता मज मना कोण करी' विचारते. चित्रात वीणा मिळते ती मीराबाईला. जनी आपली जात्यापाशीच.

मुक्ताबाईचं तेच. मांड्यांच्या प्रसंगात ती भाजणारी, तेज सगळं ज्ञानेश्वरांच्या पाठीत. ताटीच्या प्रसंगात तिचे हात जोडलेले, जणू विनवते आहे. अभंग वाचा, ती थोरल्या भावाला संताची लक्षणं सांगते आहे. परंपरा तिला चांगदेवांची गुरू मानते. मग वृद्ध योगी खाली आणि मुलगी वरच्या आसनावर, असं कॅलेंडर कुठे दिसतं?

तमिळ मूर्तिकारांना हे जमलं होतं. कारैक्काल अम्मैयार या शिवभक्त संत कवयित्रीची चोळकालीन कांस्यमूर्ती बघा. बरगड्या वर आलेल्या, स्तन सुकलेले, हातात टाळ. कथेप्रमाणे आपलं देखणं रूप तिनं स्वतःच शिवाला विनवून टाकून दिलं. त्रेसष्ट नायनारांच्या, म्हणजे तमिळ शैव संतांच्या, रांगेत बाकीचे उभे, ही बसलेली.

देवळासाठी मूर्ती सांगताना नुसतं 'संत जनाबाई, दोन फूट' सांगितलं की ठरलेला साचा येतो. गोल चेहरा, मिटले डोळे, कपाळावर पदर. खाली नाव नसेल तर जनी की सखू, ओळखू येत नाही. म्हणून मातीचा नमुना तयार असतानाच जाऊन बघा. पदर खांद्यावर हवा, केस दिसायला हवेत, ओठ गाताना उघडतात तसे. दगडात डोक्यावरचा पदर एकदा घडला की मागाहून तासता येत नाही. तासायला गेलं तर डोकंच लहान दिसायला लागतं.