तिकीट ज्या कंपनीच्या नावाचं, विमान तिनेच उडवावं

आज पाचवा दिवस. अजून डोकं शांत होत नाही, म्हणून लिहितोय.

पुण्याला बाबांचं वर्षश्राद्ध होतं. तिथी काही आपल्या सोयीने पुढेमागे होत नाही, म्हणून चार महिने आधीच तिकीट काढून ठेवलं होतं. मी राहतो त्या अमेरिकेतल्या बफेलोहून मोठ्या विमानतळावर, तिथून पुढे मुंबई. सगळं एकाच मोठ्या विमान कंपनीच्या नावावर, पैसेही तिलाच भरलेले. बफेलोचं विमान आधी चाळीस मिनिटं उशिरा, मग दीड तास, मग अडीच तास, आणि शेवटी रद्द. काउंटरवर गेलो तर तिथल्या बाईंनी माझ्याच बोर्डिंग पासवरच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. ‘ऑपरेटेड बाय’, म्हणजे विमान खरं उडवणार कोण, आणि पुढे दुसऱ्याच एका छोट्या कंपनीचं नाव. म्हणे, हे उड्डाण आमचं नाही, त्यांच्याकडे क्रू नाही, आम्ही काय करणार?

अहो, विमानाच्या शेपटीवर चिन्ह तुमचं, हवाईसुंदरीच्या गणवेशावर नाव तुमचं, माझ्या कार्डावरून पैसे घेतले तुम्ही! आणि उडायची वेळ आली की हे आमचं नाही?

पुढच्या विमानात जागा मिळत होती ती दोन दिवसांनी. श्राद्ध धाकट्या भावाने केलं. मी विमानतळाजवळच्या हॉटेलात पलंगाच्या कडेला बसून फोनवर पाहिलं. मध्येच आवाज जायचा. गुरुजी पिंडावर पाणी सोडायला सांगत होते आणि मी इथे हातात चार्जर धरून बसलो होतो. आई एवढंच म्हणाली, “येशील तेव्हा ये.”

त्या संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर एक तरुण पायलट बसला होता. मांडीवर जेवणाची थंड पिशवी, बूट सैल केलेले. मी जरा तावातच विचारलं. तो शांतपणे म्हणाला, माझे कामाचे तास संपले, आता मी उडवलं तर तो नियमभंग. बरोबरच होतं त्याचं. थकलेला माणूस मला पुढे नकोच आहे. पण तास संपले तर दुसरा पायलट हजर ठेवणं कोणाचं काम? सकाळपासून तो विमानतळांवर ताटकळत होता आणि त्यातल्या बहुतेक वेळाचा पगार त्याला नाही, कारण घड्याळ सुरू होतं ते विमानाचं दार बंद झाल्यावर. त्याची आधीची कंपनी २०२० मध्ये बंद पडली. इथे नव्याने लागला तो सीनिऑरिटीच्या यादीत तळाला. या धंद्यात अनुभव कितीही असो, कंपनी बदलली की पाटी कोरी.

हे सगळं चालतं कसं, ते घरी येऊन एका ओळखीच्या निवृत्त वैमानिकाकडून समजून घेतलं. मोठी कंपनी छोट्या कंपनीला उड्डाणं कंत्राटावर देते. वेळापत्रक मोठीचं, तिकिटाचा भाव मोठीचा, तिकिटाचे पैसे मोठीला. छोटीला ठरलेला मोबदला. मग कंत्राट संपत आलं की दोन-तीन छोट्या कंपन्या एकमेकींशी झुंजवायच्या: कोण स्वस्तात उडवतं बोला. एक्स्प्रेसजेट या छोट्या कंपनीचं हेच झालं. २०२० मध्ये युनायटेड या मोठ्या कंपनीने तिचं काम दुसऱ्या छोट्या कंपनीला दिलं आणि माणसं रस्त्यावर आली. कॉमएअर या दुसऱ्या छोट्या कंपनीचे पायलट २००१ मध्ये ८९ दिवस संपावर होते. डेल्टा या मोठ्या कंपनीचे प्रवासी आम्ही नेतो तर आम्हालाही बरा पगार द्या, एवढंच म्हणणं. कॉमएअर डेल्टाच्याच मालकीची होती. २०१२ मध्ये तिला टाळं लागलं.

म्हणून मोठ्या कंपन्यांचे पायलट करारातल्या ‘स्कोप क्लॉज’साठी भांडतात. बाहेर किती उड्डाणं द्यायची आणि किती मोठी विमानं द्यायची, याला बांध घालणारं हे कलम. अमेरिकेतल्या मोठ्या तीन कंपन्यांत (अमेरिकन, डेल्टा, युनायटेड) बाहेर देता येणाऱ्या विमानाची आज मर्यादा साधारण ७६ जागा आणि ८६,००० पौंड वजन. तीसुद्धा आधी खूप कमी होती. २००१ नंतर कंपन्या एकामागून एक दिवाळखोरीत गेल्या, तेव्हा पायलटांच्या मानेवर सुरी ठेवून ती वाढवून घेतली. दर वाटाघाटीत पुन्हा तेच: अजून थोडं सैल करा. पन्नासच्या वर जागांची विमानं किती द्यायची, यालाही या कलमाचा बांध असतो, म्हणूनच तर जवळजवळ सत्तर जागांच्या विमानातल्या खुर्च्या काढून ते ५० जागांचं करून उडवलं जातं. एवढी मेहनत घेतील, पण आपले पायलट बसवणार नाहीत.

आमच्या मंडळातले एक गृहस्थ परवा म्हणाले, या पायलटांना लाखो डॉलर मिळतात आणि तरी अडून बसतात, लोकांना वेठीस धरतात. माझं टाळकंच सरकलं. वेठीस कोणी धरलं मला? संप करणं इथे इतकं सोपं नाही. १९२६ चा रेल्वे कामगार कायदा विमानांनाही लागू आहे. सरकारी मध्यस्थ मंडळ सोडत नाही तोवर संप करता येत नाही, आणि सोडल्यावरही ३० दिवस थांबावं लागतं. वाटाघाटी वर्षानुवर्षं रखडतात. माझं श्राद्ध चुकवलं ते संपाने नाही. ते चुकवलं कंत्राटाने.

आणि बफेलोत राहणाऱ्या माणसाला हे कोणी शिकवू नये. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री न्यूयॉर्क शहराजवळच्या नेवार्कहून येणारं विमान इथून जवळच, क्लॅरेन्स सेंटरमध्ये एका घरावर कोसळलं. ५० माणसं गेली. तिकिटं कॉन्टिनेंटल या मोठ्या कंपनीची होती, उडवत होती कोलगन एअर ही छोटी कंपनी. चौकशीत ठपका धोक्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने दिलेल्या चुकीच्या प्रतिक्रियेवर आला, पण त्याच चौकशीत हेही पुढे आलं की को-पायलट देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिॲटलच्या बाजूला राहायची, आदल्या रात्री रात्रभर विमानं बदलत नेवार्कला आली होती, तिला सर्दी झाली होती आणि पगार तुटपुंजा होता. गेलेल्यांच्या घरच्यांनी वॉशिंग्टनच्या चकरा मारून २०१० मध्ये कायदा करून घेतला. विमान खरं कोण उडवणार, ते वेबसाइटवर शोधतानाच पहिल्या यादीत दिसलं पाहिजे, हे त्यातच आलं.

म्हणजे ज्या ओळीवर त्या बाईंनी बोट ठेवलं, ती प्रवाशाला कळावं म्हणून लोकांनी आपली माणसं गमावून भांडून पक्की करून घेतलेली ओळ आहे. आणि कंपनी तीच ओळ हात झटकायला वापरते! याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे.

मुंबईत बेस्टचंही आता हेच. रंग लाल, नाव बेस्टचं, बस आणि ड्रायव्हर कंत्राटदाराचे. ऑगस्ट २०२३ मध्ये ते ड्रायव्हर पगारासाठी संपावर गेले तेव्हा स्टॉपवर ताटकळलेले लोक बेस्टलाच शिव्या घालत होते. घालणारच! पाटीवर नाव कोणाचं होतं?

माझी मागणी साधी आहे. ज्याचं नाव विकता, त्याचे पायलट, त्याचा पगार, त्याची सीनिऑरिटी, त्याची जबाबदारी. पायलट करारात हे मागतात तेव्हा ते माझंही मागणं असतं.

मी मोठ्या कंपनीला तक्रार लिहिली. तारीख, वेळ, बोर्डिंग पासचा फोटो, सगळं जोडलं. बाबांचं श्राद्ध होतं हेही लिहिलं. काल उत्तर आलं. दुसऱ्याच ओळीत लिहिलंय की सदर उड्डाण आमच्या भागीदार कंपनीचं होतं. मी तेच पत्र पुन्हा पाठवलंय आणि वर माझ्या कार्डाच्या स्टेटमेंटचा फोटो जोडलाय. पैसे कोणाच्या नावावर गेले, तिथे लाल पेनाने गोल केलाय.