‘इंजिन गेलं, मेकॅनिकल संपलं’ असं म्हणणाऱ्यांना उत्तर

प्रवेशाचे दिवस आले की एक संदेश हमखास फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच असतात. पेट्रोल गाडीच्या यंत्रणेत २००० हलणारे भाग, इलेक्ट्रिकमध्ये जेमतेम २०. पुढची गाडी म्हणजे चाकांवरचा कंप्युटर. डिझाइन काय, सॉफ्टवेअर करून देतं. विद्यापीठात अजून दोनशे वर्षांपूर्वीचं शिकवतात. तेव्हा मेकॅनिकल आणि ऑटोमोबाइलच्या वाटेला जाऊ नका. यंत्रांची मनापासून ओढ असलेली मुलंमुली हे वाचून ऐनवेळी दुसरी ब्रँच भरतात, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर द्यायला हवं.

पहिला मुद्दा: ‘२००० विरुद्ध २०.’

हा आकडा पूर्ण गाडीचा नाही, फक्त चाकं फिरवणाऱ्या यंत्रणेचा आहे. सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक, टायर, सांगाडा, दारं, सीट, अपघातात चुरगळून माणसाला वाचवणारा पुढचा भाग, हे सगळं दोन्ही गाड्यांत असतं. पण खरी गफलत वेगळीच आहे. भाग कमी झाले म्हणजे काम कमी झालं, असं धरून चालणं.

मोटरचा रोटर, म्हणजे तिचा आत फिरणारा भाग, घ्या. इलेक्ट्रिक गाडीची मोटर मिनिटाला १५,००० फेऱ्यांपर्यंत सहज जाते. रोटरची त्रिज्या ७५ मिलिमीटर धरली, तर त्या वेगात कडेवरच्या अवघ्या १ ग्रॅमच्या तुकड्यावर साधारण १९ किलो वजनाइतका जोर बाहेरच्या दिशेने येतो. अनेक मोटरींत चुंबक रोटरच्या पोटात खाचांमध्ये बसवलेले असतात आणि त्यांना बाहेर उडण्यापासून अडवते ती पोलादाची एक बारीक पट्टी. ती जाड केली तर मजबूत होते, पण चुंबकीय प्रवाह तिच्यातूनच मधल्यामध्ये वळून वाया जातो आणि मोटरचा जोर कमी पडतो. बारीक केली तर मोटर जोरकस होते, पण पट्टी लाखो वेळा ताणली जाऊन फटीगने (धातूच्या थकव्याने) तडकण्याची भीती. एक मिलिमीटरच्या आसपासच्या त्या पट्टीवर मशीन डिझाइन, मटेरिअल सायन्स आणि इलेक्ट्रिकल अशा तिघांची ओढाताण चालते. ‘२० भागां’पैकी हा एक भाग.

दुसरा, गिअर. मोटरचे वेगवान फेरे चाकाला सोसतील इतके कमी करायला साधारण ९ ला १ असं गुणोत्तर लागतं. इंजिनाच्या आवाजात पूर्वी गिअरचं गुणगुणणं झाकलं जायचं. आता तो पडदा नाही. त्यामुळे दातांचा आकार मायक्रोमीटरच्या हिशेबाने ठरवावा लागतो आणि कंपनांचा अभ्यास पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचा झाला आहे. त्यात बॅटरीची डीसी वीज मोटरसाठी एसी करणाऱ्या इन्व्हर्टरमुळे शाफ्टवर व्होल्टेज तयार होऊन बेअरिंगमधून वीज वाहते आणि त्याच्या पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. ही अडचण पेट्रोल इंजिनाच्या बेअरिंगला कधी नव्हती.

आणि बॅटरी. ४०० व्होल्टचा पॅक १५० किलोवॉटने चार्ज करायचा म्हणजे ३७५ अँपिअर. पॅकचा अंतर्गत रोध ०.०५ ओहम धरला, तर नुसती उष्णताच सुमारे ७ किलोवॉट. करंट दुप्पट केला की ती चौपट होते. ही उष्णता शेकडो सेलमधून अशी काढायची की एक कोपरा गरम आणि दुसरा थंड राहता कामा नये, कारण सगळ्यात दमलेला सेल पूर्ण पॅकला मागे खेचतो. कूलंटचे मार्ग किती रुंद, कुठे वळवायचे, पंप केवढा, हे शुद्ध हीट ट्रान्सफर आणि फ्लुइड मेकॅनिक्स आहे.

यात एक गोष्ट मी मोकळेपणाने मान्य करतो. पिस्टन, व्हॉल्व्ह, फ्युएल इंजेक्शन, एक्झॉस्ट यांवरचं मोटारगाड्यांतलं काम कमी होत जाणार. ज्याला फक्त इंजिनच शिकायचं आहे त्याने हे लक्षात घेऊनच निर्णय घ्यावा. पण मेकॅनिकल म्हणजे इंजिन हे समीकरणच चूक आहे. १८९९ साली ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटारगाडी इलेक्ट्रिक होती, कामीय जेनात्झी यांची. ऊर्जेचा स्रोत एकदा बदलला, आता पुन्हा बदलतो आहे. बल, उष्णता, गती आणि धातूची थकण्याची सवय यांचे नियम तेच आहेत.

दुसरा मुद्दा: ‘गाडी म्हणजे आता कंप्युटर.’

ताशी १०० किलोमीटरने धावणाऱ्या २००० किलोच्या गाडीत सुमारे ७.७ लाख जूल ऊर्जा असते. ब्रेक दाबल्यावर त्यातली किती मोटरने परत बॅटरीत घ्यायची आणि किती डिस्कवर घासून घालवायची, हे सॉफ्टवेअर ठरवतं, खरं आहे. पण वजन पुढच्या चाकांवर किती सरकेल, ओल्या रस्त्यावर टायर किती पकड देईल, हे त्या सॉफ्टवेअरला कुणीतरी समीकरणांत मांडून द्यावं लागतं. जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी बॉशची इलेक्ट्रॉनिक अँटिलॉक ब्रेक प्रणाली १९७८ सालीच बाजारातल्या गाडीत आली. म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि मेकॅनिकल यांचा संसार जुनाच आहे. प्रोग्रामिंग आणि कंट्रोल सिस्टिम्स टाळून मेकॅनिकलची डिग्री घेणाऱ्याची मात्र पुढे अडचण होईल, हे प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी कुणीतरी सांगायला हवं.

तिसरा मुद्दा: ‘डिझाइन सॉफ्टवेअर करतं.’

या मुद्द्याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण त्याने माणसांचे जीव जाऊ शकतात. एक साधा एल आकाराचा ब्रॅकेट कंप्युटरवर काढा. आतला कोपरा अगदी धारदार ठेवा, लोड लावा, विश्लेषण चालवा. कोपऱ्यात लाल ठिपका आणि स्ट्रेसचा (धातूवरच्या ताणाचा) एक आकडा दिसेल. आता तिथली मेश, म्हणजे हिशेबासाठी सॉफ्टवेअरने पाडलेले बारीक तुकडे, निम्म्या आकाराची करा. आकडा साधारण एक तृतीयांशाने वाढेल. पुन्हा निम्मी करा, पुन्हा तेवढाच वाढेल. कितीही बारीक करत गेलात तरी तो थांबणार नाही, कारण इलास्टिसिटीच्या सिद्धांतानुसार धारदार आतल्या कोपऱ्यात स्ट्रेस अनंत होतो. सॉफ्टवेअर मात्र दर वेळी तितक्याच आत्मविश्वासाने रंगीत चित्र दाखवतं. यातला कुठला आकडा अहवालात लिहायचा? नुसती बटणं शिकलेला माणूस शेवटचा लिहील, किंवा सोयीचा. सिद्धांत शिकलेला थांबेल, कोपऱ्याला प्रत्यक्षात असते तशी गोलाई देईल आणि मग आकडा स्थिर होतो का ते पाहील. किर्श यांनी १८९८ साली दाखवलं की रुंद, ताणलेल्या पत्र्यातल्या गोल छिद्राच्या कडेला स्ट्रेस तिप्पट होतो. हे ज्याला ठाऊक आहे त्याला सॉफ्टवेअरचं उत्तर तपासायला एक पक्का आधार असतो. तेच एआयबद्दल. ते सुचवेल ते बरोबर की चूक, याची सही अखेर इंजिनिअरची असते.

चौथा: ‘दोनशे वर्षांपूर्वीचं शिकवतात.’

हो, शिकवतात, आणि शिकवायलाच हवं. उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम मिळू शकतं हे सांगणारा कार्नो यांचा सिद्धांत १८२४ चा आहे. थंडीत इलेक्ट्रिक गाडीची केबिन साध्या हीटरने गरम केली तर १ किलोवॉट विजेतून १ किलोवॉटच उष्णता मिळते. बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारा हीट पंप बसवला तर तेवढ्याच विजेत सौम्य थंडीत दोन-तीन किलोवॉट मिळते आणि गाडी जास्त लांब जाते. तो हीट पंप समजायला त्याच जुन्या थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकातून जावं लागतं. तक्रार करायचीच तर वेगळी करा: अनेक ठिकाणी हे विषय नुसत्या गणितांच्या रूपात, प्रयोगाशिवाय उरकले जातात.

‘हे गॅरेजचं काम, मुलींना झेपणार नाही’ अशी एक ओळही त्या संदेशात कधीकधी असते. कंपनांचं विश्लेषण, टायर मॉडेल, बॅटरी कूलिंग यांतल्या कशाला दंडाची ताकद लागते ते लिहिणाऱ्याने सांगावं. आणि गॅरेजमधलं दुरुस्तीचं काम कौशल्याचं आहे, तिथे जाणाऱ्या मुलीलाही कुणी अडवू नये.

प्रवेश घेण्याआधी संदेश वाचण्यापेक्षा त्या विद्यापीठातल्या शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठा. फॉर्म्युला स्टुडंटसारख्या स्पर्धेच्या टीममधला असेल तर उत्तम, तिथे मुलं स्वतः गाडी बांधतात. त्याला विचारा: तू स्वतःच्या हाताने काय मोजलंस, गणिताने काढलेलं उत्तर आणि मोजलेलं उत्तर यांत किती फरक पडला, आणि तो का पडला?